गारव्याला गेलेले लिंबाजी

दुपारची लाईट गेली, की लिंबाजी आणि पारूबाई बाजाराला निघत. घ्यायचं काहीच नसे.

वसमत रोडच्या मागच्या गल्लीत त्यांच्या मुलानं, गोपाळनं, वरच्या मजल्यावर पत्र्याच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. लिंबाजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की महिनाभर धूळ नको, धूर नको. पेडगावात या दोन गोष्टींची काही कमी नव्हती, म्हणून नवरा-बायको परभणीत मुलाकडं येऊन राहिले. डोळा वाचला. पण मे महिन्यात त्या पत्र्याखाली बाकीचा माणूस भाजून निघायची वेळ आली. पेपरात रोज उष्माघातानं गेलेल्यांची बातमी असे आणि लिंबाजी ती एका डोळ्यानं, पण पुरती वाचत. सून निकिता मशीनवर ब्लाउज शिवत बसायची. घाम कापडावर पडू नये म्हणून कपाळाला ओढणी बांधायची. तिच्यासमोर "लय गरम व्हायलंय" म्हणायची लिंबाजींना लाज वाटे. मग ते उठत, काळा चष्मा चढवत, डोक्याला नि तोंडाला पंचा गुंडाळत आणि म्हणत, "चल गं, बाजाराला जाऊ."

बाजार म्हणजे मोठ्या रस्त्यावरचा 'महाबचत बाजार'. लोखंडी रॅक, एकावर एक फ्री, रेटारेटी, लेकरांची रडारड. पण आत पाऊल टाकलं की हिवाळा. दोघं एक ढकलगाडी घेत आणि फिरत राहत. रिकामी गाडी बरी दिसत नाही म्हणून पारूबाई तिच्यात तेलाची पिशवी, साबण, नूडल्सचं पाकीट ठेवत आणि उन्हं कलली की सगळं जिथल्या तिथं परत ठेवत. जिथल्या तिथं म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणं. लोणच्याच्या बरण्यांमध्ये फिनेल सापडू लागलं, तेव्हा दारावरच्या जीवन नावाच्या गार्डनं पाळत ठेवली.

"आजोबा, काय घ्यायलाव?" त्यानं विचारलं.

"बगायलो."

"रोजच बगायलाव की!"

"मग? रोज नवे भाव लावायलाव तुमी. बगावं लागतंय."

जीवन तेवढ्यावर गप्प बसला असता. पण एका दुपारी लिंबाजी तांदळाच्या पिशव्यांच्या ढिगावर टेकले आणि झोपी गेले. कुठल्याशा बाईला हवी होती ती पिशवी नेमकी त्यांच्या डोक्याखाली. तिनं ती ओढली, डोकं आपटलं, वरची 'धमाका सूट' ची पाटी लिंबाजींच्या छातीवर पडली आणि ती बाई किंचाळली.

"उठा," जीवन म्हणाला. "हे दुकान हाय. रसवंती न्हाई, पाय पसरायला."

दोघं बाहेर आली. डांबर पायाखाली मऊ झालं होतं. समोरच्या बाजूला काचेचं दार असलेलं दुसरं दुकान होतं, 'रानमाया' नावाचं. त्यावर नांगराचं चित्र काढलं होतं. तिथं कधी गर्दी दिसत नसे आणि गर्दी नसलेल्या दुकानात शिरायची गरिबाला भीती वाटते. पण पारूबाईंचे गुडघे दुखायला लागले होते. त्या सावलीसाठी दाराशी टेकल्या आणि ते दार आपोआप आत उघडलं.

"या ना मावशी! काका, या!" मालकीणबाईच पुढं आल्या. अर्पिताताई पुण्यात शिकून, लग्न होऊन परभणीत आल्या होत्या. नवरा डॉक्टर. लिंबाजींचं धोतर, पारूबाईंचं नऊवारी पाहून त्यांचे डोळे भरून यायचेच बाकी होते. त्यांनी दोघांना वेताच्या खुर्च्या दिल्या, मातीच्या पेल्यात बेलाचं सरबत दिलं. एसीचा गारवा पाठीवर आला, तेव्हा लिंबाजींना वाटलं, आपण चुकून कुणाच्या तरी नशिबात शिरलोय.

पारूबाई काचेच्या बरण्या पाहत होत्या. "अवो," त्या कुजबुजल्या, "हे राळं हाय!"

"हळू बोल."

"मही माय हेच रांधायची. आमी रडायचो, भात पायजे म्हणून. आन इथं काचेत ठिवलंय?"

बरणीवर भाव लिहिला होता. लिंबाजींनी तो वाचला, पण बायकोला सांगितला नाही. तिला चक्कर आली असती.

मग रोज तिथंच जाणं सुरू झालं. महाबचतमध्ये खेड्यातली माणसं पांढरा पाव न् नूडल्स घेत आणि शहरातलं खायला मिळालं म्हणून खुशीत घरी जात. रानमायात शहरातली माणसं राळा, अंबाडी, लाकडी घाण्याचं तेल घेत आणि खेड्यातलं खायला मिळालं म्हणून खुशीत घरी जात. गारवा दोन्हीकडं सारखाच होता. फक्त इथं कुणी उठा म्हणत नव्हतं.

एकदा एका गिऱ्हाइकानं ज्वारीची पिशवी हातात धरून थेट लिंबाजींनाच विचारलं, "काका, यात युरिया वगैरे नाही ना?"

"युरिया?" लिंबाजी हळहळले. "आवं, औंदा टायमावर भेटलाच न्हाई, न्हाई तर—"

"काका फार भोळे आहेत," अर्पिताताई घाईनं म्हणाल्या. नंतर त्यांना बाजूला घेऊन हात जोडले, "काका, तुम्ही नुसतं हसत जा. बोलू नका."

तेव्हापासून लिंबाजी नुसतं हसू लागले. ज्वारीचा खप वाढला म्हणतात त्यांच्या हसण्यानं. मग ताईंनी एक फोटोवाला आणला. चष्मा काढायला लावला. ऑपरेशनच्या डोळ्याला उजेड सोसेना, म्हणून दोन्ही डोळे मिटले गेले. "किती शांत भाव!" ताई म्हणाल्या. तो फोटो मोठा करून सागवानी चौकटीत बसवून दारासमोर लावायचं ठरलं. शेजारी पारूबाईंचाही लावायचा होता, पण त्या कॅमेऱ्यासमोर तोंडावरचा पदर काढीनात.

दुकानाला दोन वर्षं झाली त्या दिवशी फोटो लागला. ताईंनी सगळं अस्सल आपल्या पद्धतीनं केलं होतं. दारावर आंब्याची पानं, उंबऱ्यावर रांगोळी, फोटोला झेंडूचा भरघोस हार, खाली समई आणि उदबत्ती. आपल्या माणसाचा मान ठेवावा, एवढीच त्या बिचारीची भावना होती.

नेमके त्याच दिवशी लिंबाजी आणि पारूबाई रानमायात गेले नाहीत. दारात गाड्यांची गर्दी, नटलेल्या बाया. पारूबाई म्हणाल्या, "आज पाव्हणे हायत त्यांचे. आपण कामून अडचण करायची?" समोर महाबचतच्या दारावरच्या जीवनची सुट्टी होती आणि नवीन गार्ड कुणाला ओळखत नव्हता. दोघं आत शिरली. नियमाप्रमाणं हातातली कापडी पिशवी दाराशी जमा केली, बिल्ला घेतला. लिंबाजींचा मोबाईल पिशवीतच होता.

तिकडं रानमायाच्या दारात पेडगावचे माजी सरपंच भगवानराव उतरले. त्यांची शुगर वाढली होती आणि डॉक्टरांनी राळा खायला सांगितला होता. ते आत आले, समोर पाहिलं आणि पायातल्या वहाणा काढून उभे राहिले.

"कधी झालं हे?" त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"आजच झालं सर," मुलगी आनंदानं म्हणाली. "ताईंची खूप दिवसांची इच्छा होती."

भगवानरावांना ताईंचा स्वभाव विचित्र वाटला. "आन मालकीण? पारूबाई?"

"त्यांचं राहिलंय. त्या तयारच होत नाहीत. पण जागा ठेवलीय ना आम्ही, ती बघा, शेजारी."

भगवानरावांनी राळा घेतला नाही. बाहेर येऊन पहिला फोन गोपाळला लावला.

गोपाळ पाण्याच्या मोटारींचे सुटे भाग दुकानोदुकानी पोचवायचा. त्या वेळी तो जिंतूरला होता. "गोपाळ, धीर धर बाबा," भगवानराव म्हणाले. "आबा गेले."

"कुठं गेले?"

"आता कुठं म्हणून काय सांगू लेकरा!"

"आवं, रात्री जेवलेत मह्यासंगं!"

"मग रातच्याला झालं आसंल. मी सवता फोटोला हार बगून आलो."

गोपाळ पहाटे निघाला होता, तेव्हा आबा गच्चीवर उताणे झोपले होते. श्वास चालू होता का, हे त्यानं काही पाहिलं नव्हतं. कोण पाहतं? त्यानं वडिलांना फोन लावला. तो महाबचतच्या फळीवर पिशवीत वाजून वाजून थांबला. निकिताचा लागेना, कारण तोवर भगवानरावांनी हार घातलेला फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला होता आणि सारं पेडगाव निकिताला फोन करत होतं.

फोन करून भागलं नाही, तेव्हा पेडगाव निघालंच. शहरात वेळेवर सामान मिळत नाही म्हणून पिकअपमध्ये बांबू, मडकं, सुतळी, पांढरं कापड असं सगळं घालून आणलं. बाया जिन्यातूनच रडत वर चढल्या. निकिता मशीनवरून उठली.

"आवं, ते बाजाराला गेलेत," ती म्हणाली. "दोघं बी. चालत गेलेत."

"पोरीला धक्का बसलाय," एक म्हातारी म्हणाली. "रडू द्या तिला. न रडता ऱ्हायली तर जीवाला लागंल."

"मी खरं सांगायलेय, मामा बाजाराला—"

"रड माय, रड."

चहूबाजूंनी पाठ थोपटत होते, पत्रा तापला होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं. शेवटी निकिता रडली. सगळ्यांना हायसं वाटलं.

गोपाळ आला तेव्हा निकितानं त्याला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, की आबा दुपारी आपल्या पायानं गेले. त्याच्या जिवात जीव आला. पण फोन अजून कुणी उचलत नव्हतं आणि बाहेर आग पडत होती. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, बसस्टँडवर ऊन लागून पडलेला एक म्हातारा सरकारी दवाखान्यात आणलाय, ओळख पटलेली नाही. गोपाळला त्या अवस्थेत मोटारसायकल चालवता येईना. तेव्हा गर्दीतून एक माणूस पुढं आला आणि त्यानं किल्ली घेतली. तो त्याचा चुलता होता, सूर्यभान.

सूर्यभान आणि लिंबाजी हे सख्खे भाऊ. गोपाळच्या लग्नापासून एकमेकांशी बोलत नव्हते. त्या लग्नात सूर्यभानला आहेर केला, त्यात टॉवेल निघाला आणि टोपी निघाली नाही. लिंबाजी म्हणत, गडबडीत राहिली. सूर्यभान म्हणे, मुद्दाम ठेवली. एवढ्यावरून दोन्ही घरांचा चहा बंद झाला होता.

दवाखान्यातल्या माणसानं चादर उचलली. धोतर तसंच होतं. टाचांच्या भेगा तशाच होत्या. चेहरा मात्र दुसऱ्या कुणाचा होता. "न्हाई," गोपाळ म्हणाला आणि मोठा श्वास सोडला. मग त्याला त्या श्वासाची लाज वाटली. "तसा हा सकाळीच आलाय," दवाखान्यातला माणूस म्हणाला. "अजून कुणी इचारायला आलं न्हाई." सूर्यभान बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं त्या अनोळखी म्हाताऱ्याच्या उघड्या पायांवर चादर नीट ओढली.

गोपाळ तिथून पोलीस ठाण्यात गेला आणि सूर्यभान घरी परतला. लिंबाजी दवाखान्यात नव्हते, याचा अर्थ ते जिवंत असतील असा एकानंही घेतला नाही. अजून सापडायचे आहेत, एवढाच घेतला.

उन्हं उतरल्यावर लिंबाजी आले. गुडघ्यांमुळे पारूबाई बऱ्याच मागं राहिल्या होत्या. गल्लीत चपलांचा ढीग, पिकअप, बांबू. ओट्यावर बसलेल्या पुरुषांच्या कडेला ते टेकले. काळा चष्मा, तोंडाला पंचा. कुणी ओळखलं नाही. लग्नकार्यात असतात तसे दोन-चार अनोळखी पाहुणे मयतालाही असतातच.

"कोण गेलं?" त्यांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं.

"लिंबाजी," तो मान खाली घालून म्हणाला.

"लय वाईट झालं," लिंबाजी म्हणाले. दुनियेत लिंबाजी काय कमी होते?

"वाईट काय, सुटला. सून रोज दुपारची घराबाहेर काढायची म्हणं."

"कुठला म्हणायचा हा?"

"पेडगावचा. त्यो काय भाऊ रडायलाय त्याचा."

जिन्याच्या पायरीवर सूर्यभान गुडघ्यात डोकं घालून बसला होता. "नको मला टोपी!" तो म्हणत होता. "कसली टोपी घेऊन बसलो मी! मला मपला भाऊ द्या. कोणच्या रस्त्याला पडलाय त्यो एकटाच!"

लिंबाजींना सगळं कळलं. उठून "मी हाय" म्हणावं, एवढंच करायचं होतं. पण ते उठले नाहीत. तो आवाज त्यांनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. आणखी थोडा ऐकावा, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात पारूबाई गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि बायांनी हंबरडा फोडला. दोघींनी त्यांना कवटाळलं, तिसरीनं मनगट धरून ओट्याच्या कडेवर आपटायला घेतलं.

"आगं, हे काय करायल्याव?" पारूबाई ओरडल्या. "नव्या हायत बांगड्या!"

"सोडा तिला!" लिंबाजी उठले. पंचा सुटला, चष्मा पडला. "जित्ता हाय मी! सोडा!"

बायांनी पारूबाईंचं मनगट सोडलं. मग आनंदीआनंद व्हायला हवा होता. पण तसं काही झालं नाही. लोक ताटकळलेले होते, उपाशी होते, उन्हात आलेले होते. "निदान फोन तरी उचलायचा," कुणीतरी म्हणालं. "कामं टाकून आलो आमी." भगवानराव तर असे रागावले, की जणू लिंबाजींनी त्यांना तोंडघशी पाडायलाच श्वास घेणं चालू ठेवलं होतं.

सूर्यभान उठला. बाहीनं तोंड पुसलं. भावाकडं पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, एकदाच. नजर कोरडी झाली.

"सूर्यभान," लिंबाजी म्हणाले, "च्या तरी घे."

सूर्यभाननं उत्तर दिलं ते निकिताकडं बघून. "सांग तुह्या सासऱ्याला. मी मयताला आलतो. पाव्हणचाराला न्हाई." आणि तो पिकअपमध्ये जाऊन बसला.

ते सामान मात्र परत न्यायला कुणी तयार होईना. असलं सामान भरलेलं गावात परत नेत नाहीत. बांबू जिन्याखाली राहिले. पुढं निकितानं त्यांवर कपडे वाळत घातले.

दोन दिवसांनी लिंबाजी रानमायात गेले. दार उघडताच काउंटरवरची मुलगी किंचाळली आणि अर्पिताताईंनी त्यांना हाताला धरून जवळजवळ ओढतच मागच्या खोलीत नेलं. त्यांचे डोळे खरोखर भरले होते.

"काका, मला माफ करा. मी हार काढणारच होते. पण त्या वेळी एक बाई आल्या, फोटोपुढं हात जोडून रडायला लागल्या. काकांच्या हातची शेवटची ज्वारी म्हणून होती तेवढी घेऊन गेल्या. मला खरं सांगायला तोंडच उघडेना. मग दुसऱ्या आल्या. आता सगळ्यांना ठाऊक झालंय."

"काय ठाऊक झालंय?"

"तुम्ही... नाही आहात."

लिंबाजींनी थोडा विचार केला. खोलीत पोती होती, दोन स्टुलं होती. "इथं बी एसी हाय का?" त्यांनी विचारलं.

होता. तेव्हापासून दोघं मागच्या दारानं येऊन पोत्यांमध्ये बसू लागली. पुढं लोक फोटोला हात जोडत, ज्वारी घेत. पडद्याआडून लिंबाजी आपल्याबद्दल ऐकत. कधी युरियाला हात न लावलेला माणूस होता तो. पहाटे उठून मातीशी बोलायचा. पारूबाई तोंडात पदर कोंबून हसत. एकदा मात्र हसता हसता त्यांच्यावर डोळे पुसायची वेळ आली, तेव्हा त्यांनी हसणं सोडलं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी गावी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं, त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. पुढं दार उघडलं आणि एक ओळखीचा, खरखरीत आवाज आला.

"बाई, हा फोटो मला पायजे."

लिंबाजी पडद्यापाशी गेले. फटीतून सूर्यभान दिसला. अंगावर धुतलेले कपडे, काखेत पिशवी.

"अहो, पण हा विकायला नाही," अर्पिताताई गोंधळल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू का आजोबा, ते—"

"जित्ता हाय. ठाऊक हाय मला. महा भाऊ हाय त्यो." सूर्यभाननं खाकरून घसा साफ केला. "त्याचा एक बी फोटो न्हाई मह्या घरात. त्या दिशी दवाखान्यात दुसऱ्याचंच तोंड बगितलं. तवापासून डोळ्यांपुढं तेच तोंड यायलंय. ह्याचं येतच न्हाई."

"मग त्यांना भेटा ना जाऊन."

"जित्त्या माणसाशी आपलं बोलणं न्हाई. फोटोचं काय, फोटो काय बोलत न्हाई."

ताईंनी एकदा पडद्याकडं पाहिलं. पडदा हलला नाही. त्या स्टुलावर चढल्या आणि त्यांनी चौकट खाली काढून दिली. सूर्यभाननं सुकलेला हार सोडवून बाजूला ठेवला, खांद्यावरच्या टॉवेलनं काच पुसली, मिटलेल्या डोळ्यांवरून दोनदा पुसली. मग फोटो छातीशी धरून तो दाराकडं निघाला.

"हाक मारा की!" पारूबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "आवं, निघाला त्यो. मारा की हाक!"

लिंबाजींनी बायकोच्या तोंडावर हात ठेवला.

"गप," ते कुजबुजले. "हाक मारली तर ठिवून जाईल त्यो."